अंगठ्याने गोल खाल्ला! ऑफसाइडचा नियम आता नक्की कोणासाठी उरलाय?

अर्धा_चहा
३० जून २०२४, ११:२०

काल रात्रीची (आज पहाटेची म्हणा) युरो कप फुटबॉलमधली जर्मनी–डेन्मार्क मॅच कोणी कोणी जागून बघितली? मी बघितली. डोळे चुरचुरताहेत, डोकं तापलंय, म्हणून हा धागा.

साडेबाराला मॅच सुरू झाली. पस्तिसाव्या मिनिटाच्या सुमारास डॉर्टमुंडात अशा विजा कडाडायला लागल्या की पंचांनी सगळ्यांना आत नेलं. वीस-पंचवीस मिनिटं टीव्हीवर नुसतं स्टेडियमच्या छतावरून कोसळणारं पाणी. शहाणा माणूस तेव्हाच झोपला असता. मी बसलो. दुसरा हाफ सुरू झाला तेव्हा दोन वाजायला आले होते. तिसऱ्याच मिनिटाला गोलसमोर झुंबड, बॉल कसाबसा डेन्मार्कच्या अँडरसनच्या पायाशी, आणि गोल!

मी डेन्मार्कचा कोणी लागत नाही. पण यजमानांची तोंडं उतरलेली बघण्यात एक वेगळंच सुख असतं. घरात सगळे झोपलेले, म्हणून तोंडावर उशी दाबून ओरडलो आणि आनंदाने पाय झाडला तो नेमका टीपॉयवरच्या तांब्यावर. तांब्या खणखणत लादीवर, पाणी निघालं एक्स्टेन्शन बोर्डाकडे. मी गुडघ्यांवर बसून बनियनने पाणी अडवतोय, आतून हिचा आवाज "काय पडलं?", आणि मान वर करून बघतो तर पंचांचा हात कानाला. म्हणजे व्हीएआर, खोलीत बसून व्हिडिओ तपासणाऱ्या पंचांचा निरोप.

मग ते चित्र आलं. कॉम्प्युटरने काढलेली माणसं, मध्ये एक रेष, आणि रेषेपलीकडे डेन्मार्कच्याच डेलनीच्या बुटाचं टोक. नखाएवढं. गोल रद्द. पुढच्या पाच मिनिटांत त्याच अँडरसनच्या हाताला बॉल चाटून गेला (तेसुद्धा बॉलमधल्या चिपने सांगितलं, क्रिकेटमध्ये बॅटची कड दाखवतात तसला आलेख काढून), पेनल्टी, हावर्ट्झ, जर्मनी पुढे. शेवटी २-०. डेन्मार्कचे प्रशिक्षक ह्युलमंड नंतर पत्रकारांना मोबाइलवर तेच चित्र दाखवत होते. एक सेंटीमीटर, म्हणे.

आता माझा प्रश्न. ऑफसाइड कशासाठी आणला? कोणी गोलपाशी पडीक राहून आयता बॉल खाऊ नये म्हणून. आमच्या गल्लीत अशा पोराला 'पडीक'च म्हणायचे. मग डेलनीच्या अंगठ्याने काय आयतं खाल्लं, सांगा. त्या झुंबडीत त्याला स्वतःला तरी ठाऊक होतं का, आपला अंगठा कुठे आहे ते? चोर पकडायला आणलेला नियम आता लोकांच्या चपलेचं माप घेत बसलाय.

नियम मला कळतो, तेव्हा कृपया नियम समजावून सांगू नये. वैताग समजून घ्यावा.

ठसकेबाज
३० जून २०२४, ११:३४

रुमाल टाकून ठेवतो. तांब्याला पोचा पडला का?

लाल_पक्षी
३० जून २०२४, ११:५२

अंगठा परवडला हो. आमच्या फिर्मिनोची बगल धरली होती.

२ नोव्हेंबर २०१९, व्हिला पार्क. लिव्हरपूलचा गोल रद्द, कारण काय तर फिर्मिनोची काख डिफेंडरच्या पुढे. हात ऑफसाइडमध्ये मोजत नाहीत, मग हात संपतो कुठे आणि खांदा सुरू होतो कुठे, तर काखेत. म्हणून रेष काखेतून. नशीब, ती मॅच आम्ही शेवटी २-१ जिंकलो, नाहीतर तांबे आमच्याकडेही पुष्कळ आहेत.

पुढच्या वर्षी लीड्सच्या बॅमफर्डचं त्याहून वाईट झालं. बॉल मला इथे दे, म्हणून त्याने हात लांब करून जागा दाखवली. साथीदाराने तिथेच बॉल दिला, त्याने गोल केला, आणि जो हात दाखवला त्याचाच वरचा भाग ऑफसाइड ठरला. रस्ता दाखवणाऱ्याला दंड!

आणि एवढं मोजूनमापून शेवटी काय? ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅमविरुद्ध. लुइस दियाझचा स्वच्छ गोल. मैदानावर झेंडा वर गेला. व्हीएआरच्या खोलीत तपासलं तर ऑनसाइड. पण खोलीतल्या माणसाला वाटलं की मैदानावर गोल दिलेलाच आहे, म्हणून तो म्हणाला 'तपासणी झाली', आणि खेळ सुरू झाला. चूक लक्षात आली तोवर उशीर झालेला. एकदा खेळ सुरू झाला की मागे जाता येत नाही. नंतर त्या खोलीतलं बोलणं लोकांना ऐकवलं, ते ऐकताना मला हसू येत होतं की रडू ते आजही सांगता येत नाही. आम्ही हरलो, शहाण्णवाव्या मिनिटाला स्वयंगोल.

व्हीएआर कसला, वार आहे तो. पाठीत केलेला.

दिवाणखाना
३० जून २०२४, १२:१५

मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, चुकून इकडे आले. मुलगा फुटबॉल बघतो आणि मध्येच टीव्हीवर ओरडतो म्हणून विचारते. धागाकर्त्यांनी समजावू नका म्हटलंय, पण मला समजावलंत तर चालेल का?

रेषेवरचा
३० जून २०२४, १२:५८

ताई, तुम्हाला सांगतो. धागाकर्त्यांनी डोळे मिटावेत.

बॉल मारला त्या क्षणी, मारणाऱ्याच्या संघातला एखादा गडी समोरच्यांच्या अर्ध्या भागात असेल, बॉलच्याही पुढे असेल, आणि त्याच्यात व समोरच्या गोलरेषेत दोनपेक्षा कमी विरोधी खेळाडू असतील, तर तो ऑफसाइड जागेवर आहे. दोनमध्ये बहुतेक वेळा एक गोलकीपर असतो, म्हणून लोक 'शेवटचा डिफेंडर' म्हणतात. बरोबरीत असेल तर चालतं. आणि नुसतं त्या जागी उभं राहणं हा गुन्हा नाही. तिथून खेळात लुडबुड केली तर गुन्हा. सगळी भांडणं ह्या 'लुडबुड' शब्दावर होतात.

आता धागाकर्त्यांना. मी जिल्हा पातळीच्या मॅचना सहा-सात वर्षं लाइन सांभाळतोय. दुसऱ्या बाजूने ही गोष्ट कशी दिसते ते ऐका.

लाइन्समनने शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या रेषेत राहायचं. तो सरकला की आपण सरकायचं, तो पळाला की पळायचं, आडवं, खेकड्यासारखं. बॉल मारणारा तीस-चाळीस मीटर लांब, एका बाजूला. डिफेंडरची रेष समोर. डोळे दोन असले तरी नजर एकच असते, दोन्हीकडे एकदम बघता येत नाही. म्हणून बॉलकडे बघायचंच नाही. ऐकायचं. बुटाचा 'थप्प' कानावर आला की त्या क्षणाचं समोरचं चित्र डोक्यात धरून ठेवायचं आणि मग ठरवायचं. वारा उलटा असला किंवा शेजारच्या मंडपात स्पीकर लागला असला की संपलं. त्यात जोरात पळणारा माणूस डोळ्याला, खरा असतो त्याहून थोडा पुढे दिसतो. स्ट्रायकर एकीकडे, डिफेंडर उलट दिशेने पळत असेल, तर एका डोळ्याच्या पापणीत एक मीटरचा फरक पडतो.

आम्हाला शिकवलेलं असतं की शंका आली तर झेंडा खालीच ठेवा. म्हणजे जुन्या पद्धतीत डेलनीच्या त्या अंगठ्याला कोणी हात लावला नसता. ह्या बाबतीत मी तुमच्या बाजूचा आहे. पण जुन्या पद्धतीत एक-एक मीटर ऑफसाइड गोलही दिले गेलेत, आणि तेव्हा आमच्या आईबहिणींचा उद्धार झालाय. २०१० चा वर्ल्ड कप आठवा. मेक्सिकोविरुद्ध तेवेझ ढळढळीत पुढे, गोल दिला, आणि स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर रिप्ले लागला. सगळ्या मैदानाने बघितला, पंचांनीही बघितला, पण रिप्ले बघून निर्णय बदलायची सोयच नव्हती. त्या लाइन्समनच्या पोटात काय कालवलं असेल ते मला विचारा.

दिवाणखाना
३० जून २०२४, १३:१०

कळलं! म्हणजे लुडबुड मोजायला फूटपट्टी वापरताहेत, असं का? धन्यवाद भाऊ. जाते, डाळ लागली असेल.

ठसकेबाज
३० जून २०२४, १३:१४

ताईंनी एका ओळीत धागा संपवला. तरी चालू द्या.

गणित_मास्तर
३० जून २०२४, १५:४०

जरा फूटपट्टीकडे बघू. कतारच्या वर्ल्ड कपला ही अर्धस्वयंचलित यंत्रणा आणली तेव्हाचे आकडे: छताखाली १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू, सेकंदाला ५० वेळा. बॉलमधला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवतो. म्हणजे 'थप्प' कधी झाला ते दोन मिलिसेकंदांत कळतं. रेषेवरचा यांच्या कानापेक्षा नक्कीच बरं.

पण शरीर? सेकंदाला ५० म्हणजे दोन चित्रांत ०.०२ सेकंद. ताशी ३० किलोमीटरने पळणारा गडी सेकंदाला साधारण ८.३ मीटर जातो. ०.०२ सेकंदात झाले १६-१७ सेंटीमीटर. डिफेंडर उलटा पळत असेल तर दोघांतलं अंतर त्याच्या जवळजवळ दुप्पट बदलतं. मधल्या वेळेत कोण कुठे होता ते हिशेबाने भरून काढावं लागतं. हिशेब चांगला असेल, नाही म्हणत नाही. पण पडद्यावर जी केसासारखी बारीक रेष दाखवतात, तिच्याइतका आत्मविश्वास मोजणाऱ्या यंत्रालाही नसावा. मी वर्गात पोरांना सांगतो, मोजपट्टीवर मिलिमीटर आहेत म्हणून उत्तर मायक्रोमीटरमध्ये लिहू नका.

डेलनी काल पळत नव्हता, त्यामुळे कालचा निर्णय बहुधा बरोबरच. माझी तक्रार रेषेच्या जाडीबद्दल आहे. इंग्लंडात २०२१ पासून रेषा जाड केल्या आणि अगदी चिकटून असेल तर फायदा आक्रमकाला द्यायला लागले, त्याचं कारण हेच.

सईबाई
३० जून २०२४, १६:२५

मास्तर, ह्याचं उत्तर आपल्याकडे आहे की. क्रिकेटमधला अंपायर्स कॉल! एलबीडब्ल्यूत बॉल स्टंपला अर्ध्याहून कमी लागताना दिसला तर मैदानावरच्या पंचाने जे दिलं तेच कायम. पहिल्यांदा आलं तेव्हा आमच्या घरात बाबा आणि काका दोन दिवस बोलत नव्हते एकमेकांशी ("लागतोय तर लागतोय, अर्धा काय आणि पाव काय?"). पण त्यात एक कबुली आहे: अमुक हद्दीपुढे यंत्रालाही कळत नाही, तिथे माणसाचं मान्य करू. फुटबॉलवाल्यांना ही कबुली द्यायला जड का जातं?

आणि मिलिमीटरची भांडणं काही परदेशी नाहीत. मी शाळेत कबड्डी खेळलेय. बोनस घेताना पुढचा पाय रेषेपलीकडे टेकलेला हवा आणि त्याच वेळी मागचा हवेत. समोर किमान सहा जणी असतील तरच. मागच्या पायाची टाच उचलली होती की नाही ह्यावरून आमच्या शाळेने एकदा अख्खी फायनल घालवली, पंच बाई ठाम की टाच खाली होती. तीस वर्षं झाली. टाच वर होती.

गणित_मास्तर
३० जून २०२४, १६:५०

टाच वर होती हे मान्य.

पण सईताई, दहा सेंटीमीटरची सूट दिलीत तर उद्या भांडण १०.१ वर येईल. फिफाचे वेंगर म्हणताहेत की आक्रमकाच्या शरीराचा गोल करू शकणारा कुठलाही भाग डिफेंडरच्या बरोबरीत असला तरी ऑनसाइड धरा, मध्ये पूर्ण फट दिसली तरच ऑफसाइड. गोल वाढतील, कबूल. पण अंगठ्याचं भांडण मग टाचेवर येईल, एवढंच.

जुना_पेपर
३० जून २०२४, १९:०५

धाग्याच्या नावातच प्रश्न आहे की नियम कोणासाठी. इतिहासात उत्तर सापडतं, आणि ते जरा व्यवहारी आहे.

१८६३ साली इंग्लंडात पहिले नियम लिहिले तेव्हा बॉलच्या पुढे असलेला प्रत्येक जण ऑफसाइड. पुढे पास द्यायचाच नाही, रग्बीसारखं. १८६६ ला सूट आली: पुढे असलात तरी समोर तिघे असतील तर चालेल. १९०७ ला स्वतःच्या अर्ध्या भागात ऑफसाइड नाही असं ठरलं, १९२० ला थ्रो-इनवर (बाजूच्या रेषेबाहेरून हाताने आत फेकलेल्या बॉलवर) ऑफसाइड काढला. पण तिघांची अट राहिली, आणि न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन नावाचा एक बिलंदर बॅक (बचावपटू) होता, त्याने ह्या अटीचा सापळाच केला. योग्य क्षणी दोन पावलं पुढे यायचं, की समोरचा अख्खा हल्ला ऑफसाइड. बाकीचे संघ शिकले. खेळ मधल्या पट्ट्यात कोंबला गेला, गोल आटले, लोक कंटाळले.

म्हणून १९२५ ला तिघांचे दोघे केले. फुटबॉल लीगच्या चारही गटांत मिळून आदल्या मोसमात ४,७०० गोल झाले होते, पुढच्या मोसमात तेवढ्याच सामन्यांत ६,३७३. बचावाची घडीच विस्कटली. आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमनने मग सेंटर हाफला मागे खेचून दोन बॅकच्या मध्ये उभा केला, ती नवी रचना जगभर गेली. तरी १९२७-२८ ला एव्हर्टनच्या डिक्सी डीनने एकट्याने लीगमध्ये ६० गोल ठोकले. १९९० ला 'बरोबरीत असेल तर ऑनसाइड' आलं. इटलीतला त्या वर्षीचा वर्ल्ड कप ज्यांनी बघितलाय त्यांना आठवत असेल, सामन्यामागे जेमतेम २.२१ गोल.

म्हणजे गाठ सैल केली ती प्रत्येक वेळी तिकीट काढून बसलेल्या माणसासाठी. अर्धा_चहा यांच्या तांब्यासाठी म्हणा. ह्या खेपेला पहिल्यांदाच नियमाचा शब्दही न बदलता गाठ आवळली गेलीय, नुसतं भिंग मोठं करून.

निवांत_नाना
३० जून २०२४, १९:२०

अवांतर: हॉकीने ऑफसाइड काढूनच टाकला. १९९६ ला प्रयोग म्हणून, १९९८ ला कायमचा. कोणाचं काही अडलं नाही. फुटबॉलमध्येही मार्को व्हॅन बास्टेन २०१७ ला असंच काहीतरी बोलले होते, तर सगळे अंगावर धावून गेले.

रेषेवरचा
३० जून २०२४, १९:४५

नाना, काढला तर माझी नोकरी जाईल. नोकरी कसली म्हणा, मॅचमागे चहा-वडापाव.

हॉकीचं मैदान लहान, आणि तिथे गोल वर्तुळातूनच मारावा लागतो. फुटबॉलमध्ये ऑफसाइड काढला तर दोन उंच पोरं गोलकीपरच्या नाकासमोर उभी करतील आणि मागून लांब-लांब बॉल भिरकावत बसतील. मधलं सुंदर फुटबॉल ज्याला म्हणता ते सगळं ह्या नियमाने जागा आखून दिल्यामुळे आहे.

पेठकरी
३० जून २०२४, २१:३०

लई वाचलं. आता एकदा आमच्या कोल्हापुरात या, शाहू स्टेडियमवर. इथं व्हीएआर बिएआर काय न्हाई, गॅलरीच व्हीएआर. दोन तालमींची मॅच असली की झेंडा वर जायच्या आधीच निम्मी गॅलरी 'ऑफसाइड' आणि निम्मी 'गोल' म्हणून वरडून मोकळी. आमच्या आजोबास्नी चष्म्याबिगर ताटातली भाजी दिसत न्हवती, पर पलीकडच्या टोकाचा ऑफसाइड दिसायचा. त्योबी फकस्त समोरच्या पेठेचा.

मागं एकदा (कुठली मॅच ते सांगत न्हाई, उगं दोन्ही पेठा ह्या धाग्यावर यायच्या) आमचा गोल ऑफसाइड दिला. रात्री मोबाइलवर दोन व्हिडिओ फिराय लागले. आमच्या बाजूच्या गॅलरीतनं काढलेला बघितला तर आमचा गडी मागं, चक्क ऑनसाइड. समोरच्या बाजूचा बघितला तर एक हात पुढं. एकच क्षण, एकच गडी! चौकात पहाटं दोनपर्यंत दोन मोबाइल शेजारी धरून पंचायत. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "लेकरांनो, लाइन्समन हुता त्या जागंवरनं कुणी काढलाय का?" कुणीच काढला न्हवता.

खरं बोलायचं तर त्या राती मला झोप आली न्हाई, पर मजा आली. तुमच्या अंगठ्याच्या चित्रानं ही पंचायतच संपीवली. वाद घालाय जागाच ठेवली न्हाई बघा.

फातोर्डा_पूर्व
३० जून २०२४, २२:४०

तुम्हा लोकांचं पोट भरलेलं आहे म्हणून अंगठ्याचं दुःख.

एकोणीस दिवसांपूर्वी, ११ जूनला दोह्यात काय झालं विसरलात? वर्ल्ड कप पात्रतेची मॅच, छांगटेच्या गोलने आपण कतारविरुद्ध १-० पुढे. त्र्याहत्तराव्या मिनिटाला आपला गोलकीपर गुरप्रीतने हेडर अडवला, बॉल गोलरेषेबाहेर गेला, अंगठाभर नव्हे, पूर्ण. कतारच्या गड्याने पायाने ओढून आत घेतला, दुसऱ्याने गोल मारला, आपले सगळे हात वर करून उभे, आणि गोल दिला! त्या फेरीत व्हीएआर नव्हतं. शेवटी १-२ हरलो, पुढची फेरी गेली. मी मडगावात ज्या हॉटेलात बघत होतो तिथे कोणी ओरडलंसुद्धा नाही. एका काकांनी ग्लास पालथा घातला आणि उठून गेले.

आयएसएलमध्येही (आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये) व्हीएआर नाही. दर आठवड्याला फातोर्ड्याला बसून आम्ही झेंड्याच्या भरवशावर. त्यामुळे एक सेंटीमीटरने का होईना, बरोबर निर्णय मिळाला ह्याबद्दल कोणी रडायला लागलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आम्हाला द्या तुमचं यंत्र. आम्ही तांबे सांभाळू.

अर्धा_चहा
१ जुलै २०२४, ०९:१०

फातोर्डा, तुमच्यापुढे माझी तक्रार चैनीची आहे, मान्य. दोह्याची मॅच मीही बघितली होती, त्या रात्री तांब्याला पाय लावायचंही त्राण नव्हतं.

पण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत असं अजूनही वाटतं. बॉल रेषेबाहेर गेला की गेला, त्यात मत नसतं. तिथे यंत्र पाहिजेच. ऑफसाइडमध्ये मुळात प्रश्न होता 'ह्याने गैरफायदा घेतला का', आणि त्याचं उत्तर आता 'ह्याचा बूट कितीचा' असं येतंय. शिवाय आता गोल झाला की मी आधी लाइन्समनकडे बघतो, मग पंचाच्या कानाकडे, मग पडद्याच्या कोपऱ्यात. आनंद होईपर्यंत खेळाडू मध्यरेषेवर परतलेले असतात.

रेषेवरचा
१ जुलै २०२४, ०९:३२

एकदा झेंडा हातात घेऊन बघा. मग बोलू.

ठसकेबाज
२७ ऑक्टोबर २०२४, १०:०५

धागा वर काढतोय. कालची क्लासिको, म्हणजे रेआल माद्रिद विरुद्ध बार्सिलोना! रेआल माद्रिद १२ वेळा ऑफसाइड, त्यातला एम्बापे एकटा ८ वेळा. त्याचे गोलही रद्द. बार्सिलोना ४-०, तेही बर्नाबेउमध्ये. बार्सिलोनाचे प्रशिक्षक फ्लिक यांची बचावफळी जवळजवळ मध्यरेषेवर उभी होती, मागे अख्खं मैदान मोकळं. बघताना माझा श्वास अडकत होता आणि ते पोरगे निवांत.

जुना_पेपर
२७ ऑक्टोबर २०२४, ११:४८

मॅक्रॅकन असता तर टोपी काढली असती. फरक एवढाच की त्याच्या काळी अशी फळी लावणं म्हणजे लाइन्समनच्या डोळ्यांवर जुगार होता. आता स्पेनमध्ये अर्धस्वयंचलित यंत्रणा आलीय, त्यामुळे डिफेंडरला ठाऊक असतं की वीतभर पुढे असलेला गडीही सुटणार नाही. यंत्राने स्ट्रायकरचा अंगठा पकडला, तसं बचाव करणाऱ्याला धाडसही दिलं. हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं.

लाल_पक्षी
२७ ऑक्टोबर २०२४, १२:३०

एम्बापेचं काय ते बघवत नव्हतं. पहिल्या दोनदा झेंडा वर गेल्यावर माणूस एक पाऊल मागून सुरुवात करेल ना? हा आठव्यांदाही तिथेच.

फातोर्डा_पूर्व
१४ मे २०२५, २०:१५

आज हा धागा मुद्दाम शोधला. नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या अवोनियीची बातमी वाचली का? रविवारी लेस्टरविरुद्ध. त्याच्याच संघाचा एलांगा स्वच्छ ऑफसाइड होता, घरी बसून दिसत होतं. पण झेंडा उशिरा दाखवायचा असल्यामुळे खेळ चालू राहिला, बॉल आत आला, अवोनियी धावत जाऊन गोलच्या खांबावर आदळला. पोटावर शस्त्रक्रिया झाली, कृत्रिम कोमात ठेवलंय. जो खेळ व्हायलाच नको होता त्यात.

मागे यंत्र द्या म्हणालो होतो. ते अजूनही म्हणतो. पण हे वाचून हात थरथरले.

रेषेवरचा
१४ मे २०२५, २२:०२

उशिरा झेंड्याचं कारण असं की लाइन्समनने चुकून झेंडा वर केला आणि पंचाने शिट्टी मारली, तर झालेला नसलेला गोल व्हीएआरला परत देता येत नाही. म्हणून शंकेची जागा असेल आणि गोलची संधी असेल तर हल्ला संपेपर्यंत थांबा असं सांगितलेलं आहे. स्वच्छ ऑफसाइड असेल तर लगेच दाखवायला मुभा आहे. पण वरच्या पातळीवर चूक झाली तर करिअर जातं, मग कोण धोका पत्करतो? सगळेच थांबतात. गेल्या महिन्यात, १२ एप्रिलपासून, प्रीमियर लीगमध्येही अर्धस्वयंचलित यंत्रणा आली, पण हाताला थांबायची सवय लागलेली असते.

माझ्याकडे व्हीएआर नाही, म्हणून मी थांबत नाही. दिसला की झेंडा. गेल्या रविवारी एक पोरगा दोन मीटर पुढे होता, झेंडा वर केला, शिट्टी झाली, तरी तो धावतच राहिला आणि गोलीवर जाऊन आदळला. दोघांनाही काही झालं नाही. आज बातमी वाचताना तोच डोळ्यांसमोर येत होता.

सईबाई
१५ मे २०२५, ०७:५०

बरा होऊ दे तो. बाकी वाद नंतर.

अर्धा_चहा
१ जून २०२५, २१:४०

मंडळी, कबुलीजबाब द्यायला आलोय.

आमच्या ऑफिसची मॅच होती आज सकाळी. प्रत्येक संघाने एक माणूस लाइनवर द्यायचा असतो. आमचा नेहमीचा आला नाही. माझा गुडघा गेल्या महिन्यापासून दुखतोय म्हणून मी बाहेरच, तर झेंडा माझ्या हातात. झेंडा म्हणजे काठीला बांधलेला पिवळा नॅपकिन. मी म्हटलं, रेषेवरचा यांचं आव्हान होतंच, बघू.

पहिली पाच मिनिटं खेकड्यासारखा पळालो. सहाव्या मिनिटाला समजलं की मी बॉल बघतोय आणि डिफेंडर मला सोडून दहा मीटर पुढे गेलाय. मग ठरवलं, बॉल बघायचा नाही, ऐकायचा. तर पलीकडच्या रस्त्यावर काँक्रीट फोडायचं मशीन चालू. 'थप्प' सोडा, पंचांची शिट्टी ऐकू येईना. एकदा झेंडा वर केला, बरोबर होता बहुधा. एकदा केला नाही, तो बहुधा चुकला. समोरच्या संघातला एक जण दर वेळी जाता-जाता माझ्याकडे बघून "चष्मा, काका" म्हणत होता.

१-१ असताना शेवटच्या दहा मिनिटांत त्यांचा गडी आमच्या गोलीपाशी पडीक. अक्षरशः पडीक, धाग्यातला नमुना! त्याच्याकडे बॉल आला. माझ्या अंगात वीज संचारली, झेंडा वर, हात ताठ. आमचा गोली माझ्याकडे बघून निवांत उभा राहिला. त्याने गोल मारला. पंच धावत माझ्याकडे आले, म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "ऑफसाइड, सर. चांगला तीन मीटर." ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अहो, थ्रो-इन होता तो."

गोल दिला. आम्ही १-२ हरलो. गोली बोलत नाहीये माझ्याशी.

ठसकेबाज
१ जून २०२५, २१:४६

जुना_पेपर यांनी वर्षापूर्वी ह्याच धाग्यावर लिहून ठेवलंय हो! "नियम मला कळतो, समजावून सांगू नये" असं कोण म्हणालं होतं बरं?

जुना_पेपर
१ जून २०२५, २२:१०

१९२०. फक्त एकशे पाच वर्षं झालीत, सवय होईल.

पेठकरी
१ जून २०२५, २२:२५

त्या गोलीला आमच्याकडं पाठवा. झेंड्याकडं बघून उभा ऱ्हाणारा गोली पेठेत एक दिस टिकायचा न्हाई.

रेषेवरचा
१ जून २०२५, २२:५१

अर्धा_चहा, पहिल्या मॅचला मीही कॉर्नरवर ऑफसाइड दिला होता. कोणाला सांगितलं नव्हतं आजवर. पुढच्या रविवारी आमच्याकडे एक झेंडा रिकामा आहे, सकाळी सातला या. खरा झेंडा आहे, नॅपकिन नाही. पाण्याची सोय मात्र स्वतःची.

ठसकेबाज
१ जून २०२५, २२:५३

तांब्या आहे त्यांच्याकडे.